हत्यारं पूजेला बसलीत

शर्मिष्ठाच्या पांढऱ्या कुडत्यावर लालभडक पाणी उडालं तेव्हा सकाळचे पावणेनऊ झाले होते, आणि त्या दिवशी तिला जेवढा राग यायचा होता त्याची पहिली उकळी तिथेच फुटली.

आयुधपूजेचा दिवस, म्हणजे आपली खंडेनवमी. मद्रासेतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतली ती गल्ली एरवी लोखंडाच्या खणखणाटानं कान किटवते, पण आज तिच्यात फक्त लाउडस्पीकरवरचा सनईसारखा नादस्वरम घुमत होता. लेथ, वेल्डिंगची यंत्रं, कोपऱ्यात उभा असलेला टेम्पो, सगळ्यांच्या कपाळी चंदनाचे पट्टे आणि गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. शर्मिष्ठा घाईघाईनं आपल्या कारखान्याकडे निघाली होती. शेजारच्या स्प्रिंगच्या कारखान्यासमोर एक उंच तरुण लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही हातांत भलाथोरला कोहळा धरून उभा होता. त्यानं दृष्ट उतरवली आणि कोहळा जमिनीवर आपटला. कोहळ्याच्या पोटात भरलेलं सगळं कुंकू शर्मिष्ठाच्या कुडत्यावर आलं.

“आंधळा आहे का हा माणूस!” ती मराठीतच ओरडली. तिला तमिळ येत होतं, पण भांडण्यापुरतं येत नव्हतं. “रस्ता काय याच्या बापाचा आहे?”

तरुणानं वर पाहिलं. आधी कुडत्याकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे. आणि…

“बापाचा नाहीं हो. मामाचा आहे,” तो शांतपणे म्हणाला. “रस्ता न्हवे, कारखाना.”

शर्मिष्ठाचं तोंड उघडंच राहिलं. दोन वर्षांत या गल्लीत तिच्याशी कुणी मराठी बोललं नव्हतं. आणि हे मराठी तरी कसलं? शब्द ओळखीचे, पण चाल मात्र तमिळ.

“तुम्ही… तुम्ही मराठी आहात?”

“तीनशें वर्षं झालीं येऊन. तंजावुराहून आम्हीं इकडं आलों. मी शेषाद्री.” त्यानं खांद्यावरचा पंचा पुढे केला. “पुसा. मी पाह्यलों नाहीं तुम्हांला. चुकलों.”

माफी मागितली की भांडणारा माणूस उघडा पडतो. शर्मिष्ठाला तेही आवडलं नाही. “नको!” म्हणून ती तरातरा पुढे गेली. पंच्याला चंदनाचा वास येत होता हे तिला कळलं होतं, पण ते कळल्याबद्दलही तिनं स्वतःवर रागावून घेतलं.

घाईचं कारण मोठं होतं. हो, एका पाच वर्षांच्या मुलीचा पाय हे मोठंच कारण.

शर्मिष्ठा ज्या कारखान्यात कामाला होती तिथे लहान मुलांसाठी खास बूट बनत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा आत वळलेला, कुणाला टाचेला आधार हवा. एन्नोरच्या कोळीवाड्यातल्या नित्याचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड होता. जुना बूट लहान झाला होता. उद्या विजयादशमी. उद्या तिचं नाव शाळेत घालायचं होतं, आणि नित्यानं घरात जाहीर केलं होतं की आईच्या कडेवर बसून ती शाळेत जाणार नाही. चालतच जाणार. “बूट कधी देणार?” असं तिनं शर्मिष्ठाला विचारलं, तेव्हा शर्मिष्ठानं तिच्या तळहातावर हात ठेवून सांगितलं होतं, “दसऱ्याला. सकाळी. माझा शब्द.”

बुटाचा तळ कोरणारं यंत्र एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. नित्याच्या पायाची मापंही त्यातच. कोरायला तीन तास, चिकटवलेलं सुकायला रात्र. म्हणजे बारापर्यंत यंत्र चालू व्हायलाच हवं. मालक राजगोपाल सर कालच कारखान्यातली पूजा उरकून सुट्टीला गावी गेले होते. किल्ली शर्मिष्ठाकडे होती. चामडं शिवणाऱ्या कामाक्षी अक्का सण सोडून मुद्दाम आल्या होत्या. आज शिलाई मशीनला हात लावायचा नसतो, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. “लेकराच्या पायासाठी आहे. देव रागावणार नाही,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

शर्मिष्ठानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. आतला पंखा घुमू लागला. स्क्रीन मात्र काळीच राहिली.

तिनं बंद करून पुन्हा चालू केला. दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन काळी. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तिनं टेबलावर हात आपटला, तर स्क्रीनवर लटकवलेली झेंडूची माळ खाली पडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अक्का!” ती तोडक्यामोडक्या तमिळमध्ये ओरडली. “काल याला चंदन कुणी फासलं? आत गेलं ते! हे काय शिलाईचं मशीन आहे?”

“मी बाहेरून लावलं, शर्मिम्मा,” कामाक्षी अक्का दारातून म्हणाल्या. “तीन बोटं. बाहेरूनच.”

“खोटं बोलू नका! बाहेरून लावलं तर आत बिघडेल कसं?”

अक्कांनी शिवायला घेतलेला चामड्याचा तुकडा नीट घडी घालून टेबलावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर गेल्या.

आता एक गोष्ट आपल्यातच सांगतो. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर या कारखान्यात एकटी शर्मिष्ठा होती. आणि काल संध्याकाळी तिनं काय केलं होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. ते आठवायला नको म्हणूनच ती एवढ्या मोठ्यानं ओरडत होती. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

दहा मिनिटांनी अक्का परतल्या. डोळे लाल, पण मान ताठ. मागे तोच उंच तरुण.

“मला काय बोलायचं ते बोल,” अक्का म्हणाल्या. “पण हा सेशू तंबी, माझ्या धाकट्या भावासारखा. अड्यारला याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नित्यासाठी बोलावून आणलं.”

शेषाद्रीनं खोलीभर नजर फिरवली. ती कुडत्यावर येऊन थांबली. “वाळला काय?”

“कुडता राहू द्या. हे बघा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पुढे काही नाही. बारापर्यंत चालू झालं पाहिजे. उघडा लवकर.”

तो खुर्चीवर बसला. ऐसपैस. दोन्ही हात काखेत घातले. “उघडायला येणार नाहीं.”

“म्हणजे?”

“हत्यारं पूजेला बसलींत. सगळीं घरीं, सरस्वतीपुढं. उद्या सकाळीं उठतील.”

“इथे आहे ना स्क्रूड्रायव्हर! हा घ्या!”

त्यानं स्क्रूड्रायव्हरला मनापासून नमस्कार केला आणि हात परत काखेत घातले. “आज हत्यार धरणार नाहीं. बाबा इलेक्ट्रिशियन होते माझे. वर्षाचे तीनशेंचौसष्ट दिवस हात काळे. हा एक दिवस ते हात धुवून स्वस्थ बसत. जातांना म्हणाले, सेशू, हा एक दिवस मोडूं नको. मी शब्द दिलों.”

“आणि मी एका पोरीला शब्द दिलाय त्याचं काय?” शर्मिष्ठाचा आवाज चिरकला. “तुमचा शब्द तो शब्द, आणि माझा म्हणजे काय वाऱ्यावरची वरात? मग आलात कशाला इथे? बसायला?”

“होय,” तो म्हणाला. “बसायलाच आलों. तुम्हीं धरा. मी सांगतों.”

“उंटावरून शेळ्या हाकणार!”

“उंट नाहीं, खुर्ची आहे. आणि शेळी… शेळीला इतका कोप येत नाहीं.”

अक्कांना भाषा कळली नाही, पण सूर कळला. त्या दुसरीकडे बघून तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. शर्मिष्ठानं स्क्रूड्रायव्हर असा काही मुठीत धरला की शेषाद्रीनं खुर्ची वीतभर मागे घेतली.

“आधीं तो खालीं ठेवा,” तो म्हणाला. “आधीं नुसतं पाहायचं. स्क्रीनचा दिवा लागतो काय? केबल दोन्हीकडं घट्ट आहे काय? ओढून नाहीं हो… हळू. कान पिरगळतात तसं नाहीं. हं.”

केबल घट्ट होती. स्क्रीन चांगली होती. त्यानं एकेक वायर काढायला लावली. माउस, प्रिंटर, कोरण्याच्या यंत्राची जाड केबल. मग मुख्य प्लगही काढून चालू करायचं बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायला सांगितलं. ती रागानं भराभर मोजू लागली तशी तो म्हणाला, “तुमचा एक आंकडा म्हणजे अर्धाच सेकंद. मराठींत मोजा, निवांत.” आणि तो स्वतःच मोजू लागला. एक… दोन… तीन… शर्मिष्ठाच्या लक्षात आलं की हा माणूस आकडेसुद्धा गाण्यासारखे म्हणतो. चौदाच्या सुमारास ती त्याच्या लयीत श्वास घ्यायला लागली होती. हे कळताच तिनं श्वासच रोखून धरला, आणि तीस होईपर्यंत तिचा चेहरा लाल झाला.

“आतां छताचा पंखा बंद करा. दारही लावा. तो नादस्वरम ऐकूं येऊं नये. आतां चालू करा.”

घामट, बंद खोलीत पहिल्यांदाच ऐकू आलं. आतून बारीक आवाज येत होता. बीप. बीप. बीप. मग शांतता. पुन्हा तीन.

“पाह्यलात? बिचारा कधींचा सांगतो आहे,” शेषाद्री म्हणाला. “तुमच्या ओरडण्यांत ऐकूंच आलं नाहीं. मेमरीचं दुखणं आहे. ती बसली नाहीं नीट.” मग त्यानं अगदी सहज विचारलं, “आंत कुणी हात घातला होता काय?”

शर्मिष्ठानं चोरून मागे पाहिलं. दारापाशी अक्का उभ्या होत्या.

“नाही,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. काळेभोर, सावकाश डोळे. मग म्हणाला, “सरि, बरं. उघडा.”

तिनं सीपीयूचे दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला. आत धूळ नव्हती. आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरचं पोट आरशासारखं स्वच्छ होतं. आणि पंख्याच्या शेजारी, पत्र्याच्या आतल्या बाजूला, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं. शर्मिष्ठानं चटकन पत्रा फिरवून भिंतीला टेकवला. उशीर झाला की नाही ते तिला कळलं नाही. शेषाद्री छताकडे बघत होता.

“आणखी एकदां विचारतों,” तो छताला म्हणाला. “आंत कुणी…?”

“सांगितलं ना नाही म्हणून!” ती कडाडली. “पोलीस आहात का तुम्ही? दुरुस्तीला आलात तर दुरुस्तीचं बोला!”

“बोलतों की. ती हिरवी लांब पट्टी दिसते? दोन्ही टोकांचे चाप बाहेर दाबा. पट्टी वर येईल. कडेला धरा, सोनेरी दातांना बोट लावूं नका. आतां खोडरबर.”

अक्कांनी मापं घेण्याच्या टेबलावरून खोडरबर आणून दिला. शर्मिष्ठानं पट्टीचे सोनेरी दात हलकेच घासले, फुंकर मारून पट्टी परत खाचेत दाबली. एक टोक बसलं. दुसरं वरच राहिलं. तिनं जोर केला. बसेना. उलटून पाहिलं, पुन्हा दाबलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“बसत नाही! काय फालतू सांगताय तुम्ही! तोडू का आता?”

“थांबा.” तो उठला आणि तिच्या मागून वाकला. खिशातून मोबाइल काढून त्यानं खाचेवर उजेड पाडला.

“मोबाइल चालतो वाटतं? तो नाही बसला पूजेला?”

“त्याला आईनं सूट दिली. नाहींतर जेवायला कधीं येतोस म्हणून ती विचारील कशावर?” त्याचा आवाज तिच्या कानाजवळ होता. मग तो हळू झाला. “पाहा… तिथं. खाचेंत.”

खाचेच्या अगदी टोकाला काहीतरी अडकलं होतं. अक्कांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. शर्मिष्ठानं पिनेच्या टोकानं ते उचकटलं आणि तळहातावर घेतलं.

तांदळाचा एक दाणा होता. कुंकवानं माखलेला.

मद्रासेत अक्षता पिवळ्या असतात, हळदीच्या. या गल्लीत, या कारखान्यात, कालच्या पूजेच्या ताटात सगळ्या पिवळ्याच होत्या. लाल अक्षता करणारं माणूस इथे एकच होतं.

मूठ मिटली असती तर संपलं असतं. अक्का दोन पावलं मागे होत्या, त्यांना दाणा नीट दिसलाही नव्हता. “चंदनाचा खडा होता,” म्हटलं असतं तर कुणी तपासणार होतं थोडंच? शर्मिष्ठाची बोटं खरोखरच आत वळली. पण मग तिच्या मनात त्या चामड्याच्या तुकड्याची घडी आली. बोलणं ऐकून घेऊनही अक्कांनी तो फेकला नव्हता, नीट घडी घातली होती.

तिनं तळहात उघडून अक्कांसमोर धरला.

“माझी आहे,” ती तमिळमध्ये म्हणाली. शब्द सापडत नव्हते. सापडले तसे ती बोलली. “काल तुम्ही सगळे गेल्यावर मी उघडलं. पुसलं. ही पट्टी काढली, परत लावली. माझे बाबा सांगलीला लेथ चालवतात. खंडेनवमीला ते यंत्र उघडून आत हळदकुंकू वाहतात. म्हणतात, कपाळाला कुणीही लावेल, यंत्राच्या काळजाला वाहायचं. मला घरी जायला मिळालं नाही… दोन वर्षं नाही मिळालं… म्हणून मी…” पुढे तमिळ संपलं. “मला सकाळपासून माहीत होतं, अक्का. तरी तुम्हाला खोटं ठरवलं.”

कामाक्षी अक्कांनी दाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “वीस वर्षं काम करते इथे,” त्या म्हणाल्या. “खोटं बोलते असं मला कुणी म्हणालं नव्हतं.”

“हो.”

“फार राग आलाय मला.”

“हो, अक्का.”

“आधी मशीन चालू कर. मग सावकाश रागावते.” आणि त्यांनी पदराच्या टोकानं शर्मिष्ठाचे गाल पुसले. ते ओले झाल्याचं तिला तेव्हाच समजलं.

दाणा टेबलाच्या कडेला ठेवून शर्मिष्ठानं पट्टी पुन्हा हातात घेतली. पण डोळे अजून ओलेच होते, खाच नीट दिसेना. पट्टी खाचेवर टेकत होती आणि निसटत होती. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिच्या हातांवर दुसरे दोन हात आले. मोठे, कोरडे, उबदार. त्यांनी पट्टीला स्पर्श केला नाही. तिच्या बोटांवरूनच हलकेच दाब दिला. चट्. दुसरं टोक. चट्.

“तुम्ही… तुम्ही शब्द मोडलात,” ती मागे न बघता म्हणाली.

“हत्यार नाहीं धरलों,” तो म्हणाला. “हात धरलों. बाबांनीं हाताचं कांहीं सांगितलं नव्हतं.”

तरीही ते हात जरा वेळानंच सुटले.

बटण दाबलं. दिवा, पंखा… एकच बीप… आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावू लागली. अक्का मोठ्यानं ओरडल्या. शर्मिष्ठानं नित्याची फाइल उघडली, यंत्राची केबल जोडली, आणि पावणेबाराला कोरणी फिरू लागली. तिचा आवाज एरवी डोकं उठवणारा. आज तो ऐकताना शर्मिष्ठाला रडू आणि हसू एकदमच आलं. आणि मग एक शंका आली.

“एक मिनिट,” ती वळली. “तुम्ही तो पत्रा पाहिला होता. आतलं कुंकू.”

“पाह्यलों.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मी खोटं बोलतेय हे माहीत होतं, आणि तुम्ही छताकडे बघत बसलात!”

“कॉम्प्युटर मी सांगून चालू झाला असता,” शेषाद्री म्हणाला. “अक्कांचं काय? तें तुम्हींच सांगायला पाहिजे होतं. मी वाट पाह्यलों.”

“आणि मी सांगितलंच नसतं तर?”

“तर कॉम्प्युटर चालू करून गेलों असतों,” तो म्हणाला. “परत आलों नसतों.”

शर्मिष्ठाला पुन्हा राग आला. ‘परत’ हा शब्द तो इतक्या सहज बोलून गेला याचाच तो राग होता. अक्कांनी शेषाद्रीच्या हातात सुंडलचा द्रोण दिला. खोबरं घातलेले ते हरभरे चघळत तो यंत्राशेजारी बसून राहिला. टेबल आवरताना शर्मिष्ठाला तो लाल दाणा कुठे दिसला नाही. झाडला गेला असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एन्नोरच्या शाळेच्या फाटकाशी नित्याला बूट चढवला. तिनं दोनदा पाय आपटून पाहिला, आईचा हात सोडला आणि फाटकातून आत गेली. एकदाही वळून पाहिलं नाही. “थँक्यूसुद्धा म्हणाली नाही भवानी,” शर्मिष्ठा नाक ओढत म्हणाली. तिला मोटारसायकलवरून तिथवर घेऊन आलेला माणूस नुसता हसला.

मग ऐप्पसी या तमिळ महिन्यातला पाऊस लागला. अंबत्तूरच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचायचं. त्या पाण्यातून दर शनिवारी शेषाद्री अड्यारहून यायचा. कॉम्प्युटर बघायला, असं म्हणायचा. कॉम्प्युटरला काहीही झालेलं नसायचं. दोघं भांडायची. त्याच्या भाषेवरून, तिच्या पातळ न होणाऱ्या आमटीवरून, तो प्रत्येक गोष्ट इतकी सावकाश का करतो यावरून. एका शनिवारी तो आला नाही, तर शर्मिष्ठानं दिवसभरात तीन सुया मोडल्या. तेव्हा तिला आपलं काय झालंय ते कळून चुकलं. कळलं, आणि संताप आला. कारण तो काही बोलतच नव्हता.

नोव्हेंबर संपता संपता सांगलीहून आईचा फोन आला. डिसेंबरात ये, एक स्थळ आहे, मुलगा पुण्याचा. शनिवारी शेषाद्री छत्री झटकत आत आला तेव्हा ती तयारच होती.

“आज काय बिघडलंय म्हणून आलात?”

“कांहीं नाहीं. तपासतों.”

“तपासू नका! चांगला चाललाय तो! तुम्हाला उद्योग नाही का दुसरा? दीड महिना येताय, बसताय, सुंडल खाताय, जाताय! मी पुढच्या महिन्यात सांगलीला जाणार आहे. मुलगा बघायला. पुण्याचा आहे. तो… तो भराभर बोलत असेल निदान!”

अक्कांची शिलाई थांबली. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेषाद्रीनं छत्री भिंतीला टेकवली. शर्टाच्या खिशातून एक चपटी प्लास्टिकची डबी काढली. बारीक स्क्रू ठेवतात ती. त्यानं ती उघडून तिच्यापुढे धरली.

आत एकच दाणा होता. लाल.

“त्या दिवसापासून खिशांत आहे,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जागेवर नव्हता. “रोज शर्ट बदलतांना काढतों… घालतों.”

शर्मिष्ठानं दाणा ओळखला. मग तिचा चेहरा तापला. “मग बोलला का नाहीत?”

“तुम्हींच म्हणाल म्हणून वाट पाह्यलों. मी सांगून तुम्हीं हो म्हणायचं… तें नको होतं मला. त्या दिवशींसारखं तुमचं तुम्हींच…”

“वाट पाह्यलों! वाट पाह्यलों!” तिनं डबी त्याच्या हातातून हिसकावली. “उभा जन्म वाट पाहत बसा! आणि एकच दाणा काय घेऊन फिरताय? एका अक्षतेनं लग्न लागत नसतं! मुठी भरभरून लागतात, शेकडो माणसांच्या!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. तिनं ओठ घट्ट मिटले. पण शब्द जायचे तिथे पोचले होते.

“काय म्हणाली?” अक्कांनी तमिळमध्ये विचारलं. शेषाद्रीनं सांगितलं. सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं. अक्का उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, आणि दुपारच्या भाताच्या तांदळांचा डबा आणून त्यांनी टेबलावर ठेवला.

“लाल हव्यात,” शर्मिष्ठा अजूनही रागातच म्हणाली. डोळे मात्र भरून वाहत होते. “माझ्या बाबांना पिवळ्या चालायच्या नाहीत. आताच सांगून ठेवते.”

“आईला माझ्या पिवळ्याच लागतात.”

“मग?”

“अर्ध्या लाल. अर्ध्या पिवळ्या.”

“तुमची बाजू अर्धी कशी? आम्ही जास्त माणसं आणणार आहोत!”

“आम्हीं तीनशें वर्षं इथं आहों, शर्मिष्ठा. आमचीं माणसं मोजून पाहा तरी.”

त्यानं पहिल्यांदाच तिला नुसत्या नावानं हाक मारली होती. त्यावरूनही तिला भांडायचं होतं. पण डबी धरलेला हात त्याच्या हातात गेला होता, आणि आज तिथे कुठलंही हत्यार नव्हतं.